चौपन्नाची कुळकथा

गोल्फच्या एका फेरीत अठरा होल असतात. कोणत्या होलमध्ये चेंडू किती फटक्यांत जावा हे आधीच ठरलेले असते. त्या ठरलेल्या आकड्याला पार म्हणतात आणि बहुतेक मोठ्या मैदानांवर अठरा होलांचा पार ७२ भरतो. एक फटका कमी लागला तर बर्डी. अठराही होलांवर बर्डी साधली, तर ७२ मधून १८ जाऊन ५४ उरतात. वजाबाकी सोपी आहे. पण हा आकडा खेळाडूंपुढे खरोखरचे ध्येय म्हणून ठेवायचे धाडस स्वीडनच्या पिया निल्सन यांनी केले.

स्वीडनमध्ये गोल्फ उशिरा रुजला. मुंबईत १८४२ मध्येच गोल्फ क्लब निघाला होता. स्वीडनमधले पहिले मैदान १८८८ मध्ये रिफोर्स येथे सागेर बंधूंनी तयार करवले आणि देशाचा गोल्फ महासंघ १९०४ मध्ये स्थापन झाला. आपल्याकडे हा खेळ दीर्घकाळ छावण्या आणि जिमखान्यांच्या कुंपणातच राहिला. पुण्यात जन्मलेला अनिर्बन लाहिरी २०१६ मध्ये रिओला, तर पुण्याचाच उदयन माने २०२१ मध्ये टोकियोला ऑलिम्पिक खेळला, पण अशी नावे अजून मोजकीच आहेत. स्वीडनमध्ये मात्र कुंपण लवकर मोडले. त्यात आइस हॉकीचा लोकप्रिय खेळाडू स्वेन तुंबा याचा वाटा मोठा. हॉकी गाजवल्यावर तो गोल्फकडे वळला, आणि १९७३ मध्ये सुरू झालेल्या स्कँडिनेव्हियन ओपनसाठी त्याने खटपट केली. आज सुमारे एक कोटी लोकवस्तीच्या या देशात गोल्फ क्लबांचे सदस्य पाच लाखांच्या आसपास आहेत. मैदाने कित्येक महिने बर्फाखाली असताना हे घडले, हे विशेष.

१९८८ मध्ये स्वीडनच्या लिसेलोटे नॉयमनने अमेरिकेची महिला ओपन जिंकली आणि दार उघडले. निल्सन यांचे काम त्यानंतरचे. त्या स्वतः अमेरिकेतील महिला व्यावसायिक दौऱ्यावर, म्हणजे एलपीजीएवर, खेळल्या होत्या. १९९० च्या दशकात राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षक असताना त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. संघातल्या खेळाडूंनी आपापल्या घरच्या मैदानावरील प्रत्येक होलवर कधी ना कधी बर्डी साधलेली होती. मग त्या अठरा बर्डी एकाच दिवशी का साधू नयेत? या प्रश्नातून ‘व्हिजन ५४’ जन्माला आले. पुढे अमेरिकी प्रशिक्षक लिन मॅरियट यांच्यासह निल्सन यांनी त्याची रीतसर पद्धत बसवली.

पद्धतीचे मर्म चेंडूमागे आखलेल्या एका काल्पनिक रेषेत आहे. वारा, अंतर, कोणती काठी घ्यायची, हा सगळा विचार रेषेच्या अलीकडे उरकायचा. रेषा ओलांडली की निर्णय झालेला. आता फक्त खेळायचे. फटका कसा बसला याची उजळणी नंतर. चुकलेल्या फटक्याचे ओझे पुढच्या फटक्यावर पडू नये, यासाठी ही सगळी आखणी.

निल्सन यांच्या संघात घडलेली सर्वांत मोठी खेळाडू म्हणजे अन्निका सोरेनस्टाम. लहानपणी ती इतकी बुजरी होती की जिंकल्यावर भाषण करावे लागू नये म्हणून शेवटचे पट, म्हणजे होलजवळचे हलके फटके, मुद्दाम चुकवी. १६ मार्च २००१ रोजी अॅरिझोनातील मून व्हॅली मैदानावर तिने पहिल्या आठही होलांवर बर्डी साधल्या. एकूण तेरा बर्डी, पाच पार, एकही फटका जास्त नाही: ५९. एलपीजीएच्या इतिहासात साठाच्या आतली ती पहिली फेरी. कारकिर्दीत तिने एलपीजीएच्या ७२ स्पर्धा जिंकल्या, त्यांत दहा ‘मेजर’, म्हणजे सर्वांत मानाच्या स्पर्धा.

स्वीडनच्या पुरुषांना मेजरसाठी थांबावे लागले. येस्पर पार्नेविक १९९४ आणि १९९७ मध्ये ब्रिटिश ओपनचा उपविजेता ठरला. अखेर २०१६ मध्ये रॉयल ट्रूनवर हेन्रिक स्टेन्सनने शेवटच्या दिवशी ६३ फटके खेळून फिल मिकलसनला तीन फटक्यांनी मागे टाकले. त्याची २६४ ही ब्रिटिश ओपनमधली तोवरची सर्वांत कमी बेरीज. त्याचे शिक्षक वेगळे होते, त्यामुळे हे यश ‘व्हिजन ५४’च्या खात्यावर मांडता येत नाही, ज्या क्लबांनी आणि महासंघाने मुलांना खेळाकडे आणले, त्यांचे ते आहे. महिलांमध्ये अन्ना नॉर्डक्विस्टने २००९, २०१७ आणि २०२१ मध्ये मेजर जिंकल्या, तर २०२५ मध्ये माया स्टार्कने अमेरिकेची महिला ओपन जिंकली.

निल्सन आणि मॅरियट यांच्याकडे इतर देशांचे खेळाडूही शिकले. थायलंडची अरिया जुटानुगार्न प्रत्येक फटक्यापूर्वी हसे, ती सवय याच शिकवणीतली. २०१६ मध्ये ती ब्रिटिश महिला ओपन जिंकली. ५४ फटक्यांची फेरी मात्र मोठ्या स्पर्धेत अजून कोणाच्याही नावावर नाही.