जंगम मालमत्ता

13 जुलै 1972

लॉस एंजलिस रॅम्स या संघाचे मालक डॅन रीव्ह्ज आदल्या वर्षी वारले होते आणि वारसदारीच्या मिळकतीतला संघ विक्रीला निघाला होता. शिकागोत एअर कंडिशनिंगच्या कामांचा धंदा करणारे रॉबर्ट अर्से यांनी तो 1 कोटी 90 लाख डॉलरना घेतला आणि लगोलग बाल्टिमोर कोल्ट्सचे मालक कॅरोल रोझेनब्लूम यांच्याशी अदलाबदल केली. माझा संघ तुम्हाला, तुमचा मला. कागदोपत्री ही विक्री नव्हतीच, त्यामुळे रोझेनब्लूम यांना भांडवली नफ्यावर कर पडला नाही.

बाल्टिमोरला कुणी विचारलं नाही. तशी पद्धतही नव्हती.

हा फुटबॉल अमेरिकी, हेल्मेट घालून खेळायचा. 1958 च्या डिसेंबरात कोल्ट्सनी न्यूयॉर्क जायंट्सना जादा वेळेत 23-17 असं हरवलं, तेव्हापासून गोदी आणि पोलाद कारखान्याच्या या शहरात जॉनी युनायटस या कोल्ट्सच्या खेळाडूचं नाव घरातल्या माणसासारखं घेतलं जाई. 1973 मध्ये नव्या मालकांच्या राज्यात त्याच युनायटसला सॅन दिएगोला विकण्यात आलं.

5 नोव्हेंबर 1974

33 व्या रस्त्यावरचं मेमोरियल स्टेडियम जुनं झालं होतं, बरीच आसनं म्हणजे नुसती बाकं. नवं स्टेडियम हवं, ही मागणी रोझेनब्लूम यांच्यापासूनची. त्या दिवशी शहराच्या मतदारांपुढे एक प्रस्ताव होता: हे स्टेडियम युद्धात लढलेल्यांचं स्मारक आहे, दुसरं कुठलंही स्टेडियम बांधायला शहराचा पैसा वापरू नये. शहराचे हिशेब नियंत्रक हायमन प्रेसमन यांनी तो आणला होता. 56 विरुद्ध 44 टक्के मतांनी मंजूर झाला.

करदात्याच्या बाजूनं पाहिलं तर मत चुकीचं म्हणता येत नाही. पण शहर कुठवर ताणेल, हे मालकाला त्या दिवशी कळलं.

2 मे 1983

आदल्या हंगामात कोल्ट्स 9 सामने खेळले: 8 हरले, 1 बरोबरीत सुटला. तळाला राहिल्यामुळे नव्या खेळाडूंतून पहिली निवड त्यांची. त्यांनी जॉन एलवेला निवडलं. एलवेनं या संघाकडून खेळायला साफ नकार दिला आणि त्या दिवशी त्याला डेन्व्हरला देऊन टाकण्यात आलं.

20 जानेवारी 1984, शुक्रवार

संघ हलणार, अशा बातम्या रोज येत होत्या. अर्से विमानानं बाल्टिमोरला उतरले आणि विमानतळावरच पत्रकार परिषद झाली. शेजारी महापौर विल्यम डोनाल्ड शेफर. संघ हलवायचा आपला कसलाही इरादा नाही, असं अर्से यांनी चढ्या आवाजात, पत्रकारांना झापत सांगितलं. महापौरांनी ऐकून घेतलं.

68 दिवस उरले होते.

फेब्रुवारीअखेर

इंडियानापोलिसमध्ये 7 कोटी 75 लाख डॉलर खर्चून एक छत असलेलं स्टेडियम उभं राहत होतं, हूझियर डोम. त्यात खेळायला संघ नव्हता. आधी मांडव घालायचा, मग नवरा शोधायचा, असा हा प्रकार. अर्से तिथे जाऊन डोम पाहून आले. बोलणी ठरत गेली: सव्वा कोटी डॉलरचं कर्ज, 40 लाखांचं सराव केंद्र. फीनिक्स शहरही स्पर्धेत होतं.

2 मार्च, शुक्रवार

लीगमधल्या संघमालकांची बैठक झाली. दोनच वर्षांपूर्वी ओकलंडच्या रेडर्स संघाला लॉस एंजलिसला जाण्यापासून अडवताना लीग कोर्टात तोंडघशी पडली होती. आता तिनं हात झटकले. कुठे जायचं ते अर्से यांनीच ठरवावं.

27 मार्च, मंगळवार

मेरीलँड राज्याच्या सिनेटनं अ‍ॅनापोलिसमध्ये एक विधेयक मंजूर केलं. बाल्टिमोर शहराला कोल्ट्स संघ सक्तीनं संपादित करण्याचा अधिकार देणारं.

आपल्याकडे संपादन म्हटलं की धरण, महामार्ग, विमानतळ. सार्वजनिक कामासाठी सरकार मोबदला देऊन जमीन घेतं. कल्पना तीच, फक्त शेताच्या जागी फुटबॉल संघ. ती हवेतूनही आलेली नव्हती. रेडर्सच्याच भांडणात 1982 साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं होतं की असा अधिकार क्रीडा संघालाही लावता येऊ शकतो.

एक फरक तेवढा होता. भूसंपादनाची नोटीस निघते, हरकती येतात, सुनावण्या होतात, वर्षं जातात आणि जमीन तिथेच असते. शेत उचलून ट्रकमध्ये घालता येत नाही.

विधेयक अजून दुसऱ्या सभागृहात, म्हणजे हाउस ऑफ डेलिगेट्समध्ये जायचं होतं. मग राज्यपालांची सही. मध्ये दोन रात्री होत्या. विधेयक गुप्त नव्हतं.

28 मार्च, बुधवार

फीनिक्सनं माघार घेतली. कोर्टकचेरीत अडकणारा संघ त्यांना नको होता.

अर्से यांनी इंडियानापोलिसचे महापौर विल्यम हडनट यांना फोन केला. हडनट यांनी शेजाऱ्याला फोन केला. शेजारी होते जॉन स्मिथ, घरसामान हलवणाऱ्या मेफ्लॉवर कंपनीचे प्रमुख. अमेरिकेच्या क्रीडा इतिहासातलं सर्वांत कुप्रसिद्ध स्थलांतर असं आळीतल्या ओळखीवर जमून गेलं.

किती ट्रक लागतील? 15.

रात्री 10 च्या सुमारास

बाल्टिमोरच्या वायव्येला ओविंग्ज मिल्स इथं कोल्ट्सचं कार्यालय आणि सराव केंद्र होतं. तिथे ट्रक आले. हिरवे-पिवळे, अंगावर जहाजाचं चित्र. कडाक्याची थंडी, वरून ओला बर्फ.

माणसं आत गेली आणि सामान बाहेर येऊ लागलं. हेल्मेटं, पॅड, व्यायामाची यंत्रं, फायलींची कपाटं. एखादं बिऱ्हाड हलवावं तसं.

मध्यरात्रीनंतर

बातमी फुटली. फाटकाशी वार्ताहर आणि कॅमेरे जमले. भरलेला एकेक ट्रक निघत होता. सगळे एका रस्त्यानं गेले नाहीत, वेगवेगळ्या वाटांनी पांगले, म्हणजे मेरीलँडच्या पोलिसांनी अडवायचं म्हटलं तरी ताफा एकत्र सापडू नये. प्रत्यक्षात त्या घटकेला अडवायला कायदाच नव्हता. तो अ‍ॅनापोलिसमध्ये सकाळ व्हायची वाट पाहत होता.

29 मार्च, गुरुवार, सकाळी 10

ओविंग्ज मिल्स रिकामं. अंतर सुमारे 930 किलोमीटर. इंडियानाच्या सीमेवर त्या राज्याचे पोलीस ट्रकची वाट पाहत होते. अडवायला नाही, सोबत करायला.

हडनट यांनी इंडियानापोलिसमध्ये पत्रकार परिषद घेऊन करार जाहीर केला. बाल्टिमोरमध्ये शेफर कॅमेऱ्यांसमोर आले. त्यांचे डोळे भरून आल्याचं सगळ्या शहरानं पाहिलं.

त्याच दिवशी

हाउस ऑफ डेलिगेट्सनं विधेयक मंजूर केलं. राज्यपाल हॅरी ह्यूज यांनी सही केली.

30 मार्च, शुक्रवार

शहरानं संपादनाचा दावा दाखल केला.

अर्से यांचं म्हणणं पुढे कायम हेच राहिलं, की त्या विधेयकामुळेच आपल्याला निघावं लागलं. ते सोयीचं होतं. डोम पाहायला ते विधेयकाच्या महिनाभर आधीच गेले होते. पण त्या रात्रीची घाई विधेयकाचीच, हे मानावं लागतं. दार बंद करायचं तर आधी घोषणा करून मग कडी शोधायला जायचं नसतं.

डिसेंबर 1985

दावा फेडरल न्यायालयात गेला होता. 1958 चा अंतिम सामना आणि शहराचं दुःख यांना तिथे जागा नव्हती. प्रश्न साधा होता: शहर 30 मार्चला ताबा मागायला आलं तेव्हा मालमत्ता कुठे होती? राज्याबाहेर. दावा फेटाळला गेला.

आणि त्या रात्री राहून गेलेलं

कोल्ट्सचं स्वतःचं बँडपथक होतं. ट्रक आले त्या रात्री पथकाचे गणवेश लाँड्रीत होते, ड्राय क्लीनिंगला दिलेले. त्यामुळे ते कुठल्याच ट्रकमध्ये चढले नाहीत. पथकाचे जॉन झीमन आणि त्यांच्या साथीदारांनी लाँड्रीमालकाशी संधान बांधलं, कपडे ताब्यात घेतले आणि जवळच्या एका दफनभूमीत नेऊन लपवले. अर्से यांच्या पत्नीनं पुढे ते पथकाकडेच राहू दिले.

संघ नसलेलं ते पथक पुढची 12 वर्षं वाजवत राहिलं. 1996 मध्ये बाल्टिमोरला पुन्हा संघ मिळाला. तो क्लीव्हलंड शहराचा होता.