ठोकळ्यांची वास्तू रचणारे निर्बंध

वर दोन ओळींत आठ गोल उंचवटे असलेले, एकाच रंगाचे सहा लेगो ठोकळे किती प्रकारे जोडता येतील? डेन्मार्कची लेगो कंपनी बराच काळ सुमारे १० कोटी २९ लाख हा आकडा सांगत असे. त्यात एकावर एक रचलेले सहा थरांचे मनोरेच तेवढे मोजले होते. कोपनहेगन विद्यापीठातील गणिती सोरेन आयलर्स आणि सहकाऱ्यांनी संगणकाच्या साह्याने सर्व रचना मोजल्या, तेव्हा संख्या ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५ भरली.

साध्या सहा ठोकळ्यांची ही गत, तर संगणकाकडून घर किंवा किल्ला आपोआप रचून घेताना प्रत्येक शक्यता तपासणे अशक्यच. म्हणून संगणक सुडोकू सोडवणाऱ्याची वाट धरतो. जागेचे चौकोनी कप्पे पाडले जातात. प्रारंभी प्रत्येक कप्प्यात कोणताही भाग बसू शकतो. भिंतीवर भिंत किंवा छप्पर चालते, छपरावर दार चालत नाही, असे शेजाराचे नियम आधीच ठरलेले असतात. एका कप्प्यात भिंत निश्चित झाली, की शेजारच्या कप्प्यांतील न जुळणारे पर्याय बाद होतात. त्यामुळे त्यांच्या शेजाऱ्यांचेही. मग सर्वांत कमी पर्याय उरलेला कप्पा निवडून पुन्हा तेच.

पॉल मेरेल यांनी २००७ मध्ये याच धर्तीची ‘मॉडेल सिंथेसिस’ पद्धत मांडली. मॅक्सिम गुमिन यांच्या २०१६ मधील ‘वेव्ह फंक्शन कोलॅप्स’मुळे ती संगणकीय खेळांच्या निर्मात्यांत लोकप्रिय झाली. नाव पुंजभौतिकीतून उसने घेतलेले. आत पुंजभौतिकी मुळीच नाही! ऑस्कर स्टॉलबर्ग यांच्या ‘टाउनस्केपर’ या खेळात टिचकीसरशी उभी राहणारी घरे याच तत्त्वावर आकार घेतात.

कधीकधी मात्र एखाद्या कप्प्यात एकही पर्याय उरत नाही. तेव्हा काही पावले मागे यावे लागते किंवा सारे पुसून नव्याने आरंभ करावा लागतो. मेरेल यांनी मोठी रचना लहान तुकड्यांत बदलत नेऊन ही अडचण आटोक्यात आणली.

याहून अवघड प्रश्न वेगळाच आहे. शेजाराचे नियम फक्त शेजार पाहतात. समग्र वास्तू तोल सांभाळेल का, हे त्यांना कळत नाही. पडद्यावर ते खपून जाते, खऱ्या ठोकळ्यांत नाही. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२५ मध्ये सादर केलेली प्रणाली लेखी वर्णनावरून एकेक ठोकळा ठेवत जाते. तिचा गाभा भाषा-प्रारूपाचा असला, तरी निर्बंधांची कात्री तिथेही आहे: परस्परांत घुसणारा ठोकळा नाकारला जातो. रचना पूर्ण झाल्यावर ठोकळ्यांवरील बलांचे गणित मांडले जाते, आणि ती अस्थिर ठरल्यास पहिल्या डळमळीत ठोकळ्याच्या आधीपर्यंत सारे उतरवून बांधकाम तेथून पुन्हा सुरू होते.