रात्रपाळी आणि मेंदूतील घड्याळ : पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक इतिहासातील एक दुर्लक्षित बाजू

प्रस्तावना

पिंपरी-चिंचवडचा औद्योगिक इतिहास सामान्यतः भांडवल, उत्पादन आणि कामगार चळवळ या अंगांनी सांगितला जातो. कामगाराची झोप हा त्या इतिहासाचा विषय क्वचितच मानला गेला. वास्तविक तीन पाळ्यांच्या पद्धतीने या परिसरातील हजारो कुटुंबांच्या जेवणाच्या वेळा, सणवार आणि घरगुती भांडणे यांनाही वळण दिले. रात्रपाळीच्या आठवड्यात घरचा माणूस तिरसट होतो, हा अनुभव घरोघरी होता. त्याचे कारण मात्र त्याच्या स्वभावात शोधले जाई.

पिंपरीतील रात्रीचे काम

१९५४ मध्ये पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सार्वजनिक क्षेत्रातील कंपनी स्थापन झाली. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने उभारलेल्या या कारखान्यात पेनिसिलीन तयार होऊ लागले. पेनिसिलीन बुरशीच्या किण्वनातून मिळते. टाकीतील बुरशीला सलग काही दिवस निर्जंतुक हवा आणि ठरावीक तापमान लागते. दिवस मावळला म्हणून टाकी बंद करता येत नाही. म्हणजे येथे रात्रीचे काम केवळ नफ्याच्या हिशेबातून आले नाही, एका सूक्ष्म जीवाच्या गरजेतूनही आले. पुढे आकुर्डीत बजाज, पिंपरीत टेल्को असे मोठे कारखाने आले. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर उद्योगांची दाटी वाढली. या यंत्रप्रधान कारखान्यांत रात्रपाळीमागचा तर्क वेगळा होता : यंत्रांत गुंतवलेला पैसा रिकामा बसू नये.

मावळ-खेडच्या शेतकऱ्याला रात्र जागणे अपरिचित नव्हते. ‘पाळी’ हा शब्दही त्याने पाटाच्या पाण्यासाठी वापरलेला होता. परंतु पिकाची राखण किंवा पाणी धरणे हंगामापुरते असे. कारखान्याची पाळी वर्षभर फिरत राही, आणि बहुधा दर आठवड्याला बदले.

शरीराचे वेळापत्रक

हे वेळापत्रक रूढ झाले तेव्हा मेंदूतील घड्याळाचे स्थान निश्चित झालेले नव्हते. १९७२ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून ते हायपोथॅलॅमसमधील सुप्राकायझमॅटिक न्यूक्लियस या पेशीसमूहात असल्याचे पुढे आले. डोळ्यांतून येणाऱ्या प्रकाशावर हे घड्याळ रोज लावले जाते. शरीराचे तापमान, मेलाटोनिनचा स्राव आणि झोपेची ओढ त्याच्या तालावर चालतात. रात्रपाळी संपवून सकाळच्या उन्हात सायकलवरून घरी निघालेल्या कामगाराच्या मेंदूला ‘दिवस उजाडला’ असाच संदेश मिळतो. मग अंथरुणावर पडूनही झोप तुटक लागते. घड्याळ नव्या वेळेकडे सरकू लागते न लागते तोच आठवडा संपतो आणि पाळी बदलते.

माणसाचे अंतर्गत चक्र सरासरीने चोवीस तासांहून किंचित मोठे असल्याने झोपेची वेळ पुढे ढकलणे सोपे, अलीकडे ओढणे अवघड. पहिली, दुसरी, तिसरी हा क्रम त्यामुळे उलट क्रमापेक्षा सुसह्य ठरतो. अमेरिकेतील यूटा राज्यातील एका खनिज कारखान्यात चार्ल्स झाइस्लर व सहकाऱ्यांनी पाळ्यांची दिशा बदलून आणि बदल तीन आठवड्यांनी करून पाहिला. कामगारांचे समाधान व उत्पादकता दोन्ही वाढली. हा अभ्यास १९८२ चा. योगायोगाने पिंपरी-चिंचवड महानगरपालिकाही त्याच वर्षी अस्तित्वात आली. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने कामाचे तास मोजले, साप्ताहिक सुटी दिली, स्त्रियांच्या रात्रीच्या कामावर निर्बंध घातले; पाळ्या कोणत्या दिशेने फिराव्यात याविषयी तो मौन होता.

चिडचिड आणि संताप

२००७ मध्ये मॅथ्यू वॉकर यांच्या गटाने प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, एक रात्र जागवलेल्या तरुणांना अप्रिय चित्रे दाखवली असता त्यांच्या अमिग्डालाची प्रतिक्रिया झोपलेल्यांपेक्षा सुमारे ६० टक्के तीव्र आढळली. तिला आवर घालणाऱ्या पुढील मेंदूशी असलेला दुवाही क्षीण झाला होता. क्षुल्लक कारणावरून ताट बाजूला सारणाऱ्या कामगाराचे वर्तन यातून बरेचसे उलगडते. अर्थात, प्रयोगशाळेतील एका रात्रीचे जागरण आणि वर्षानुवर्षे साचलेली अपुरी झोप या भिन्न गोष्टी आहेत; आकडा जसाच्या तसा पिंपरीला लावणे योग्य नव्हे.

याहून मोठी मर्यादा इतिहासाची आहे. १९८९ मध्ये टेल्कोच्या कामगारांनी राजन नायर यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात शनिवारवाड्यावर उपोषण केले. त्या संतापाला निद्रानाशाचे लक्षण ठरवणे म्हणजे मागणीचे रूपांतर आजारात करणे होय. चिडचिड आणि अन्यायाची जाणीव या दोन्ही मेंदूतच घडतात, पण दुसरीचे कारण मेंदूबाहेर, वेतनाच्या करारात आणि संघटनेला मिळणाऱ्या मान्यतेत असते.

घरातील स्त्रीचे जागरण तर कोणत्याच नोंदीत आले नाही. पहिल्या पाळीसाठी पहाटे उठून डबा करायचा, दुसऱ्या पाळीच्या परतीसाठी मध्यरात्री दार उघडायचे, आणि तिसऱ्या पाळीच्या आठवड्यात एकाच खोलीत दिवसा मुलांना गप्प ठेवायचे. कामगाराची पाळी बदले तशी तिचीही बदले. रात्रपाळीचा भत्ता मात्र एकाच्याच पगारपत्रकावर दिसे.