पोकळ कड्याचं घराणं

श्रावण-भाद्रपदात अंजनेरीच्या पठारावर कुणी ओल्या गवतात पालथं पडलेलं दिसलं, तर घाबरू नये. त्याच्या नाकासमोर बहुधा कंदीलपुष्प असतं. त्यातलं एक, सेरोपेजिया अंजनेरिका, २००६ साली नवी प्रजाती म्हणून नोंदलं गेलं आणि नाशिकच्या या डोंगराचं नाव मिरवू लागलं. सूक्ष्म रूप धरणाऱ्या मारुतीचं जन्मस्थान मानल्या जाणाऱ्या या जागी बारीक फुलं टिपायला सगळे वाकतात, हे ठीकच आहे.

त्या पालथ्या माणसाच्या कॅमेऱ्यात, लेन्स आणि बॉडीच्या मध्ये, एक काळं कडं असतं: एक्स्टेन्शन ट्यूब. मी पहिल्यांदा ती हातात घेतली तेव्हा आरपार बोट गेलं. आतली काच पडली की काय म्हणून मी पिशवीही झाडून पाहिली. काच नव्हतीच. पैसे मोजले होते ते फक्त अंतराचे.

हे अंतर जुनंच आहे. १८३९ साली पॅरिसमध्ये विकायला आलेल्या दागेरच्या कॅमेऱ्यात एकात एक सरकणाऱ्या दोन पेट्या होत्या. पेटी ओढली की लेन्स मागच्या पाट्यापासून लांब जाई आणि जवळची वस्तू स्पष्ट दिसे. पुढे पेटीच्या जागी चामड्याचा घडीदार भाता आला, लोहाराच्या भात्यासारखाच. तो ताणून लेन्स फोकल लांबीच्या दुप्पट अंतरावर नेली, की वस्तू मूळ मापाची उमटते. त्या काळी वेगळी ट्यूब कोण कशाला घेईल?

मग कॅमेरे लहान झाले. १९२५ साली लायका बाजारात आला आणि भाता गेला. लेन्स आपल्या आट्यांवर जेमतेम काही मिलिमीटर पुढे सरकू लागली. हरवलेलं अंतर सुटं विकायची वेळ आली. पण लायकाची पाहायची खिडकी लेन्सपासून वेगळी. अगदी जवळून डोळ्याला एक दिसे आणि फिल्मवर दुसरंच उमटे. १९३६ च्या किने एक्झॅक्टा या कॅमेऱ्यात आरशामुळे लेन्समधूनच पाहता येऊ लागलं, तेव्हा कुठे या कड्याचा खरा उपयोग झाला. साठच्या दशकातल्या पंचावन्न मिलिमीटरच्या मायक्रो-निकॉरलाही पूर्ण मापासाठी साडेसत्तावीस मिलिमीटरचं कडं जोडावं लागे. म्हणजे खास जवळच्या कामासाठी घडवलेली लेन्सही कड्याकडे उसनं मागायला येई.

हिशेब सोपा आहे. पन्नासच्या लेन्समागे पंचवीस मिलिमीटर घातले तर वस्तू निम्म्या मापाची, पन्नास घातले तर पूर्ण मापाची. मात्र पूर्ण मापाला प्रकाश चौथाई उरतो, आणि अंजनेरीच्या ढगात तो आधीच किती असतो? शिवाय दूरचं फोकस जातं. मागचा ब्रह्मगिरी डोंगर म्हणजे नुसता हिरवा धूर.

अंजनेरीहून पुढे त्र्यंबकेश्वर, चित्रपटकार दादासाहेब फाळक्यांचं जन्मगाव. १९१२ साली त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याची वाढ एकेक चौकट करत टिपली आणि बरेच दिवस थोडक्या क्षणांत दाखवले. त्यांनी काळ आखडला. ट्यूबवाला अंतर ताणतो. रोपट्यासमोर चिकाटीनं बसणं दोघांनाही चुकत नाही.

कंदीलपुष्पही पोकळ नळीच आहे. वासानं आत शिरलेलं चिलट खाली वळलेल्या केसांमुळे अडकतं, परागपुंज अंगावर घेतं आणि केस सुकले की सुटतं. तोवर पालथ्या माणसाला हलता येत नाही; वाऱ्यानं देठ पानभर जरी डुलला, तरी चिलट चौकटीबाहेर.