दुकानांच्या वाहनतळावरील संथ विद्युत चार्जर : एक ऐतिहासिक अभ्यास
(अमेरिका व ब्रिटन यांच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :
वाहतुकीच्या इतिहासात वाहनाचा इतिहास विस्ताराने लिहिला गेला आहे. वाहन जेथे उभे राहते त्या जागेचा इतिहास मात्र तुलनेने दुर्लक्षित राहिला. बैलगाडीच्या काळात आठवडी बाजाराच्या गावी बैल सोडण्याची व त्यांना वैरण-पाणी देण्याची सोय असे. मालक बाजार करी, तेवढ्या वेळात बैल खाऊन-विसावून परतीच्या वाटेला तयार होत. वाहनाच्या पोषणासाठी वेगळा वेळ काढावा लागत नसे. पेट्रोलवर चालणाऱ्या मोटारीने ही रीत मोडली. इंधन भरणे हे स्वतंत्र काम झाले आणि ते काही मिनिटांत उरकणे हाच सोयीचा निकष ठरला.

विद्युत मोटारीच्या पुनरागमनानंतर हाच निकष चार्जरलाही लावला गेला. जो चार्जर अधिक वेगाने वीज देतो तो उत्तम आणि जो संथ तो कालबाह्य, असा समज रूढ होऊ लागला. परंतु मोटार ही प्रामुख्याने उभी राहणारी वस्तू आहे. अमेरिकन नगररचनातज्ज्ञ डोनाल्ड शूप यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मोटार सुमारे ९५ टक्के काळ उभी असते, याकडे लक्ष वेधले. या उभ्या वेळेचा उपयोग करून घेणे हेच दुकानाच्या वाहनतळावरील संथ चार्जरचे प्रयोजन होय. या प्रयोजनाची ऐतिहासिक चिकित्सा प्रस्तुत निबंधात केली आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :
१) सार्वजनिक संथ चार्जरच्या कल्पनेचा उगम व विकास पाहणे.
२) दुकानांच्या वाहनतळांवरील प्रयोगांच्या यशापयशाची कारणे शोधणे.
३) असे चार्जर नेमके कोणाला व किती उपयोगी पडतात, हे तपासणे.

अभ्यासाची व्याप्ती व पद्धत :
अमेरिकेतील १८९७ ते १९२० आणि १९९० ते २०११ हे दोन कालखंड तसेच ब्रिटनमधील २०१८ नंतरचा कालखंड अभ्यासासाठी निवडला आहे. शेवटी भारतातील व महाराष्ट्रातील धोरणाचा आढावा घेतला आहे. ऐतिहासिक, तौलनिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

विषय विवेचन :

१) तांत्रिक पार्श्वभूमी
बॅटरीत वीज साठविण्यासाठी एकदिश प्रवाह लागतो; घरादुकानांत येणारी वीज प्रत्यावर्ती प्रवाहाची असते. संथ चार्जर हा प्रत्यावर्ती प्रवाहच मोटारीला पुरवितो आणि त्याचे रूपांतर मोटारीत बसविलेले यंत्र करते. त्यामुळे चार्जर साधा व स्वस्त राहतो. ब्रिटनमध्ये २३० व्होल्ट व ३२ अँपिअरच्या एकेरी फेजच्या जोडणीतून सुमारे ७ किलोवॅट शक्ती मिळते. जलद चार्जरमध्ये रूपांतराचे अवजड यंत्र चार्जरमध्येच असते. त्याला तीन फेजची मोठी जोडणी लागते आणि खर्च अनेक पटींनी वाढतो. एका ५० किलोवॅटच्या जलद चार्जरला जेवढा जोडभार लागतो, जवळपास तेवढ्यातच ७ किलोवॅटचे सात संथ चार्जर चालतात. म्हणजे तासाभरात दिली जाणारी एकूण वीज सारखीच असते. फरक असतो तो ती एका गिऱ्हाइकाला मिळते की सात गिऱ्हाइकांना, एवढाच.

२) पहिला कालखंड : १८९७ ते १९२०
१९०० च्या सुमारास अमेरिकेत वर्षभरात तयार झालेल्या ४,१९२ मोटारींपैकी १,६८१ वाफेवर, १,५७५ विजेवर आणि केवळ ९३६ पेट्रोलवर चालणाऱ्या होत्या. न्यूयॉर्कमध्ये १८९७ मध्ये सुरू झालेल्या विद्युत भाडेमोटारींसाठी आगारात बॅटरी बदलण्याची व्यवस्था होती. खासगी मोटारी मात्र रात्रभर गॅरेजमध्ये चार्ज होत. रस्त्याकडेला उभ्या राहणाऱ्या आणि नाणे टाकताच ठरावीक वीज देणाऱ्या ‘इलेक्ट्रंट’ नावाच्या यंत्राची कल्पना याच काळात मांडली गेली. गिऱ्हाईक दुकानात आणि मोटार दारात चार्ज होत असलेली, हे चित्र सव्वाशे वर्षांपूर्वीच रेखाटले गेले होते.

हे चित्र प्रत्यक्षात का उतरले नाही? एकाच शहराच्या एका भागात एकदिश, तर दुसऱ्या भागात प्रत्यावर्ती प्रवाह असे. पीटर कूपर ह्युइट यांनी १९०२ मध्ये शोधलेल्या पाऱ्याच्या रेक्टिफायरमुळे प्रवाहाचे रूपांतर सोपे झाले. पण त्याचा लाभ मुख्यतः घरच्या व सामायिक गॅरेजना झाला. दरम्यान १९०८ मध्ये फोर्ड कंपनीची स्वस्त ‘मॉडेल टी’ बाजारात आली आणि १९१२ मध्ये कॅडिलॅक मोटारींत विजेवर चालू होणारे इंजिन आले. हाताने दांडा फिरविण्याचा त्रास संपताच विद्युत मोटारीचा एक मोठा फायदा लोप पावला. खरेदीसाठी व गाठीभेटींसाठी संपन्न स्त्रिया विद्युत मोटार पसंत करीत. हेन्री फोर्ड यांच्या पत्नी क्लारा फोर्ड यांच्याकडेही डेट्रॉइट इलेक्ट्रिक मोटार होती. पण हा वर्ग लहान होता आणि त्याला घरी गॅरेज होते. ज्यांना सार्वजनिक चार्जरची खरी गरज होती, त्यांच्या आवाक्यात विद्युत मोटार आली नव्हती.

३) दुसरा कालखंड : कॅलिफोर्निया, १९९० ते २०११
कॅलिफोर्नियाच्या वायू संसाधन मंडळाने १९९० मध्ये मोठ्या मोटार कंपन्यांवर धूरविरहित मोटारी विकण्याचे बंधन घातले. १९९८ साठी त्याचे प्रमाण विक्रीच्या २ टक्के असे ठरले. पुढे १९९६ मध्ये हे प्रारंभीचे टप्पे शिथिल करण्यात आले. त्याच वर्षी जनरल मोटर्सची ‘ईव्ही-१’ भाडेपट्टीवर रस्त्यावर आली. या पार्श्वभूमीवर कॉस्टको या घाऊक विक्रीच्या दुकानसाखळीने वाहनतळांवर चार्जर बसविण्यास सुरुवात केली. २००६ पर्यंत त्यांची संख्या सुमारे ९० झाली. त्यांतील बहुतेक कॅलिफोर्नियात होते.

मात्र २०११ मध्ये हे चार्जर काढून टाकण्याचा निर्णय झाला. त्यांचा वापर जवळजवळ होत नाही, असे कारण देण्यात आले. दुकानातील संथ चार्जर निरुपयोगी असल्याचा पुरावा म्हणून या घटनेकडे पाहिले जाऊ शकते. परंतु कालक्रम बारकाईने पाहिल्यास वेगळा निष्कर्ष निघतो. जनरल मोटर्सच्या मोटारीला चुंबकीय प्रेरणेने वीज देणारे चपटे वल्हे लागे, तर फोर्ड व होंडा यांच्या मोटारींना थेट धातुस्पर्शाची जोडणी लागे. २००१ मध्ये मंडळाने दुसऱ्या पद्धतीच्या बाजूने कौल दिला. ईव्ही-१ मोटारी पुढे कंपनीने परत घेतल्या. जानेवारी २०१० मध्ये अमेरिकेत जोडणीचे नवे प्रमाण स्वीकारले गेले आणि डिसेंबर २०१० मध्ये त्या प्रमाणाच्या निसान लीफ व शेव्हरले व्होल्ट या मोटारी गिऱ्हाइकांच्या हाती पडल्या. म्हणजे जुन्या चार्जरना जोडता येतील अशा मोटारी रस्त्यावरून जवळजवळ नाहीशा झाल्या होत्या आणि नव्या मोटारींना जुनी जोडणी लागू पडत नव्हती.

जुन्या प्रेरण-चार्जरची शक्ती ६.६ किलोवॅट होती; ती पुढे ब्रिटनमध्ये बसविलेल्या संथ चार्जरइतकीच होती. सारांश, चार्जर संथ होते म्हणून ते ओस पडले नाहीत. जोडणीचे प्रमाण बदलल्यामुळे ते ओस पडले. नव्या मोटारी येत असतानाच जुन्या मोटारींच्या अनुपस्थितीवरून निर्णय घेतला गेला, हे या घटनेचे वैशिष्ट्य होय.

४) तिसरा कालखंड : ब्रिटन, २०१८ नंतर
भारतीय उद्योगाचा एक धागा या इतिहासात गुंफला गेला आहे. बंगळूर येथे २००१ मध्ये बाजारात आलेली ‘रेवा’ ही छोटी विद्युत मोटार लंडनमध्ये ‘जी-विझ’ या नावाने विकली गेली. ती घरगुती सॉकेटवर चार्ज होई. शहरी वापराला संथ वीजही पुरते, याचा अनुभव अनेक लंडनकरांना प्रथम या मोटारीने दिला.

नोव्हेंबर २०१८ मध्ये टेस्को या दुकानसाखळीने फोक्सवॅगन व पॉड पॉइंट या कंपन्यांसमवेत ६०० दुकानांत चार्जिंगच्या सुमारे २,४०० जागा उभारण्याची योजना जाहीर केली. त्यात ७ किलोवॅटचे चार्जर मोफत आणि ५० किलोवॅटचे सशुल्क ठेवण्यात आले. मोफत वीज हे गिऱ्हाईक आकर्षून घेण्याचे साधन होते. परंतु २०२२ मध्ये युरोपात विजेचे दर भडकले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरपासून ही सवलत बंद झाली. ७ किलोवॅटसाठी युनिटला २८ पेन्स आणि ५० किलोवॅटसाठी ५० पेन्स असे दर ठरले. सवलत संपली तरी संथ विजेचा दर जलद विजेच्या निम्म्याच्या आसपास राहिला, हे लक्षणीय आहे.

ब्रिटनच्या २०२३ च्या सार्वजनिक चार्जरविषयक नियमावलीने मात्र वेगाच्या आधारे भेद केला. जलद चार्जरचे जाळे ९९ टक्के वेळ चालू राहावे, असे बंधन घालण्यात आले. संथ चार्जरना ते लागू केले नाही. कार्ड टेकवून पैसे देण्याच्या सोयीची सक्तीही ८ किलोवॅट व त्याहून अधिक शक्तीच्या नव्या चार्जरसाठी होती. ७ किलोवॅटचा चार्जर त्या रेषेच्या किंचित खाली राहिला. अशा रीतीने ज्या चार्जरचा दर परवडणारा होता, त्याच्याच विश्वसनीयतेची हमी कायद्याने दिली नाही.

५) उपयुक्ततेचे गणित
ब्रिटनमधील मोटार वर्षाला सरासरी सुमारे ७ हजार मैल, म्हणजे ११ हजार किलोमीटर धावते. रोजचे अंतर सुमारे ३० किलोमीटर होते. ७ किलोवॅटच्या चार्जरवर पाऊण तासात सव्वापाच युनिट वीज मिळते. युनिटला ६ किलोमीटर धरल्यास तेवढ्यात ३० किलोमीटरची सोय होते. म्हणजे एका खरेदीत एका दिवसाचा प्रवास निघतो.

हे गणित आशादायक आहे, पण अपुरेही आहे. ज्याच्या घरी चार्जर आहे त्याला या ३० किलोमीटरची फारशी गरज नसते. ब्रिटनमधील सुमारे एकतृतीयांश कुटुंबांना घराच्या आवारात मोटार उभी करण्यास जागा नाही. गरज आहे ती त्यांना. मात्र आठवड्यातून एकदा खरेदीस जाणाऱ्या अशा कुटुंबाला सात दिवसांपैकी एकाच दिवसाची वीज मिळते. म्हणून एकट्या दुकानावर त्याची भिस्त राहू शकत नाही. दुकान, ग्रंथालय, व्यायामशाळा, चित्रपटगृह, कामाचे ठिकाण असे अनेक मुक्काम जोडले गेले तरच थेंबे थेंबे तळे साचते. चित्रपटगृहातील तीन तासांत २१ युनिट, म्हणजे सुमारे १२५ किलोमीटरची वीज मिळते. उलट दूरच्या प्रवासात महामार्गावर संथ चार्जर कुचकामी ठरतो. तेथे जलद चार्जरच हवा.

६) भारतीय संदर्भ
भारतात २०१७ मध्ये निश्चित झालेल्या ‘भारत एसी-००१’ या प्रमाणानुसार एका चार्जरमधून ३.३ किलोवॅटच्या तीन जोडण्या मिळतात. वाहन चार्ज करून देणे ही वीजविक्री नसून सेवा आहे, असे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्ये स्पष्ट केले. त्यामुळे कोणाही दुकानदाराला परवान्याशिवाय चार्जर बसविण्याचा मार्ग मोकळा झाला. मात्र नंतरच्या बहुतेक मोटारींनी ‘टाइप-२’ जोडणी स्वीकारली. कॅलिफोर्नियातील अनुभवाची ही छोटी पुनरावृत्ती होय.

महाराष्ट्र शासनाच्या जुलै २०२१ च्या धोरणात १५,००० संथ चार्जरसाठी प्रत्येकी कमाल १० हजार रुपये आणि ५०० मध्यम व जलद चार्जरसाठी प्रत्येकी कमाल ५ लाख रुपये प्रोत्साहन ठेवण्यात आले. गुणाकार केल्यास संथ चार्जरच्या वाट्याला कमाल १५ कोटी आणि जलद चार्जरच्या वाट्याला कमाल २५ कोटी रुपये येतात. कमी पैशांत तीसपट जागा उभ्या करण्याची क्षमता या आकड्यांतून दिसते. येथील दुचाकींचे प्राबल्य पाहता ही बाब अधिक महत्त्वाची ठरते. साध्या सॉकेटवर तासाभरात पाऊण युनिट वीज मिळाली, तरी स्कूटरला सुमारे २० किलोमीटर अंतर कापता येते. चाळीत किंवा वाहनतळ नसलेल्या इमारतीत राहणाऱ्या स्कूटरचालकाला मंडईतला असा एक तास पुरेसा होऊ शकतो.

निष्कर्ष :
१) चार्जरची उपयुक्तता त्याच्या वेगावर नव्हे, तर वाहन तेथे किती वेळ थांबते यावर अवलंबून असते.
२) कॅलिफोर्नियातील प्रयोग थांबण्याचे मुख्य कारण जोडणीच्या प्रमाणातील बदल हे होते, संथपणा हे नव्हते.
३) मोफत वीज हा टिकाऊ पाया नाही. परवडणारा दर व सतत चालू असणारे यंत्र हा टिकाऊ पाया होय.
४) घरी चार्जर नसलेल्यांना संथ चार्जरची गरज सर्वाधिक असते. परंतु एका दुकानातील सोय त्यांना पुरत नाही. अनेक मुक्कामांची साखळी आवश्यक असते.
५) विश्वसनीयतेचे नियम संथ चार्जरनाही लागू होणे न्याय्य ठरेल.

समारोप :
विद्युत मोटारीकडे वळण्याची संधी केवळ अंगण व गॅरेज असणाऱ्यांनाच मिळाली, तर १९०० च्या सुमारास जे घडले तेच पुन्हा घडेल. त्या काळी दारात उभ्या मोटारीला वीज देण्याची कल्पना मांडली गेली. पण ती सामान्यांपर्यंत पोचली नाही. बाजाराच्या गावी बैलांना वैरण-पाणी मिळे ते ज्याची गाडी येई त्या प्रत्येकाला मिळे. त्यासाठी गावात स्वतःचा गोठा असावा लागत नसे. दुकानाच्या वाहनतळावरील संथ चार्जरचे ऐतिहासिक मोल याच कसोटीवर ठरेल.