होमपेज म्हणजे काय? सोशल मीडियाच्या काळातही स्वतःच्या पानाची ओढ का वाटते?

समजा, बोळिंजमधल्या कुणीतरी गेली आठ वर्षं फेसबुकवर गावातल्या बावखलांचे फोटो टाकले, जुन्या वाड्यांची माहिती लिहिली, आजीकडून ऐकलेले कादोडी बोलीतले शब्द जमवले. आज त्यातली 2018 ची एखादी पोस्ट शोधायची तर किती वेळ लागेल? आणि उद्या ते अकाउंटच बंद झालं तर?

या प्रश्नाचं एक उत्तर इंटरनेटच्या सुरुवातीच्या काळात सापडतं. ते म्हणजे वैयक्तिक होमपेज.

होमपेज म्हणजे नेमकं काय?

एखाद्या व्यक्तीने स्वतःबद्दल किंवा स्वतःच्या आवडीच्या विषयाबद्दल तयार केलेलं वेबपान म्हणजे होमपेज. ते एचटीएमएल या सोप्या भाषेत लिहिलेल्या फाइलचं बनलेलं असतं. ही फाइल सर्व्हरवर ठेवली की पत्ता माहीत असलेला कुणीही ती उघडू शकतो. त्यासाठी लॉगिन लागत नाही आणि कोणती पोस्ट कुणाला दाखवायची हे ठरवणारा अल्गोरिदमही मध्ये येत नाही.

याची सुरुवात कशी झाली?

टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संशोधन संस्थेत वेब तयार केलं. 30 एप्रिल 1993 रोजी सर्नने हे तंत्रज्ञान सर्वांसाठी मोफत खुलं केलं. अमेरिकेत 1994 मध्ये सुरू झालेल्या आणि पुढे जिओसिटीज या नावाने ओळखल्या गेलेल्या सेवेने सामान्य माणसाला फुकट जागा दिली. तिथे विषयांप्रमाणे 'वस्त्या' होत्या आणि प्रत्येक पानाला घर क्रमांकासारखा पत्ता मिळायचा.

भारतात व्हीएसएनएलने 15 ऑगस्ट 1995 रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. मराठीत पान करणाऱ्यांसमोर मात्र एक वेगळीच अडचण होती. युनिकोडचा वापर रुळण्याआधी प्रत्येक मराठी फॉन्टची मांडणी वेगळी असायची. वाचणाऱ्याच्या संगणकावर तोच फॉन्ट नसेल, तर पडद्यावर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसायची. म्हणून 'आधी हा फॉन्ट उतरवून घ्या' अशी सूचना द्यावी लागे, किंवा अख्खा मजकूर चित्र म्हणून चिकटवावा लागे. एवढा खटाटोप करूनही लोक मराठीत लिहीत होते.

त्यात एवढं काय आवडायचं?

- मांडणी आपली : भडक पार्श्वभूमी, लुकलुकणारी चित्रं, 'काम सुरू आहे'ची पाटी, किती जण येऊन गेले ते सांगणारा आकडा. दिसायला ओबडधोबड, पण दोन पानं एकसारखी नसायची. आज सगळ्यांची प्रोफाइल एकाच साच्यातली दिसतात.
- घाई नाही : पोस्ट दोन दिवसांत खाली सरकते. पान जागेवरच राहतं. चूक सापडली की दुरुस्त करता येते, नवी माहिती मिळाली की भर घालता येते.
- निवांत पाहुणे : आलेली माणसं गेस्टबुकमध्ये चार ओळी लिहून जायची. लाइक्सची मोजदाद नव्हती.

मग ही पानं गेली कुठे?

याहूने 1999 मध्ये सुमारे साडेतीन अब्ज डॉलरना जिओसिटीज विकत घेतली. त्याच वर्षी नव्या अटींमध्ये लोकांच्या मजकुरावर कंपनीने व्यापक हक्क सांगितला. वापरकर्ते चिडले आणि कंपनीला माघार घ्यावी लागली. पुढे सोशल मीडिया आला. तिथे लिहिणं सोपं होतं आणि ओळखीची माणसंही तिथेच होती. 26 ऑक्टोबर 2009 रोजी जिओसिटीज बंद झाली. इंटरनेट आर्काइव्ह आणि काही स्वयंसेवकांनी बरीच पानं वाचवली, पण सगळी नाही.

भारतीयांनी हा अनुभव नंतरही घेतला. ऑर्कुट 30 सप्टेंबर 2014 रोजी बंद झालं. जून 2020 मध्ये केंद्र सरकारने टिकटॉकवर बंदी घातली, तेव्हा गावोगावच्या कलाकारांनी जमवलेले प्रेक्षक एका रात्रीत तुटले.

स्वतःचं पान केलं की प्रश्न सुटतो का?

पूर्णपणे नाही. जिओसिटीजवरची पानंही दुसऱ्याच्याच जागेवर होती. स्वतःचं डोमेन घेतलं तरी ते भाड्यानेच असतं. दरवर्षी पैसे भरले नाहीत, तर तो पत्ता दुसरा कुणी घेऊ शकतो. शिवाय पान केलं म्हणून वाचक आपोआप येत नाहीत.

फरक एवढाच, की मूळ फाइल तुमच्याकडे असते. एक सेवा बंद पडली तर तीच फाइल दुसरीकडे ठेवता येते. डोमेन तुमच्या नावावर असेल तर पत्ताही बदलत नाही. फेसबुक किंवा इन्स्टाग्रामवरून तुमचा डेटा उतरवून घेता येतो, पण फॉलोअर्स आणि पोस्टखाली रंगलेल्या गप्पा दुसरीकडे जशाच्या तशा नेता येत नाहीत.

आज सुरुवात कशी करता येईल?

2013 मध्ये सुरू झालेली निओसिटीज किंवा गिटहब पेजेस यांवर साधं पान फुकट ठेवता येतं. फॉन्टची कटकट युनिकोडने संपवली आहे. 2014 पासून देवनागरीत '.भारत' हे डोमेनही मिळतं. मात्र घरचा पत्ता, फोन नंबर, मुलांचे फोटो अशा गोष्टी पानावर टाकू नका, कारण ते सगळ्या जगाला दिसतं.

सोशल मीडिया सोडायची गरज नाही. बावखलाचा नवा फोटो तिथे जरूर टाका. पण आजीचे शब्द आणि वाड्याची माहिती एका पानावरही नीट लावून ठेवा, आणि त्या फाइलची एक प्रत घरच्या संगणकात किंवा पेनड्राइव्हवर असू द्या.