ढिवराच्या कमरेची चंची



राजेरजवाडे, लढाया आणि तह यांच्या कथा इतिहासांत विपुल सांपडतात. परंतु पहांटे जाळें खांद्यावर टाकून तळ्याकडे निघालेल्या माणसाच्या कमरेला काय बांधलेलें असे, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. नागपूर प्रांतांतील ढिवर व भोई यांच्यापुरतें त्याचें उत्तर सोपें आहे. जाळें, गळ व टोपली या तीन वस्तु पोटासाठीं. आणि तंबाखूची चंची, मातीची चिलीम व चकमक या तीन वस्तु वाट पाहण्यासाठीं. मासेमारीचा निम्मा धंदा वाट पाहण्याचाच आहे. या दुसऱ्या तीन वस्तूंचा वृत्तांत आज आपल्यापुढें ठेवावयाचा आहे. कारण पाण्याकांठीं कोण कोणाबरोबर बसे, हें त्यांवरून जितकें कळतें तितकें दफ्तरांवरून कळत नाहीं.

तंबाखू ही मूळची आपल्या देशांतील वनस्पति नव्हे. अमेरिका खंडांतून पोर्तुगीजांनीं ती इकडे आणली, आणि तिचें नांवहि त्यांच्याच भाषेंतून आलें. दक्षिणेंत तिचा प्रसार उत्तरेच्या आधीं झाला. अकबराचा अधिकारी असद बेग हा विजापूरहून परतला, तेव्हां १६०४ च्या सुमारास त्यानें तंबाखू व ती ओढण्याचें साहित्य बादशहापुढें नजर केलें. हकीमानें हरकत घेतली, तरी बादशहानें चार झुरके घेतलेच. पुढें १६१७ मध्यें जहांगीरानें तंबाखूस मनाई केली. पण ती मनाई कागदावरच राहिली. दरबारांत हुक्का आला, सरदाराच्या ओसरीवर गुडगुडी आली, आणि शेतकरी व कोळी यांच्या हातीं साधी चिलीम आली.

आपल्या प्रांतांत चिलमीस बसावयास पाण्याकांठ मुबलक होता. बख्तबुलंदानें १७०२ मध्यें नागपूर शहर वसविलें. त्याच्या मागून आलेल्या चांद सुलतानानें जुम्मा तलाव बांधला, तोच आजचा गांधीसागर. पूर्वेस भंडाऱ्याकडे गेलें, म्हणजे कोहळी लोकांनीं बांधलेल्या तलावांची रांगच लागते. नवेगांवचा बांध त्यांतलाच. या पाण्यावर ढिवर जगला. मासे धरणें, शिंगाड्याचे वेल लावणें, पालखी वाहणें आणि घरोघर पाणी भरणें हे त्याचे उद्योग १९१६ मध्यें प्रसिद्ध झालेल्या रसेल व रायबहादूर हिरालाल यांच्या ग्रंथांत नमूद आहेत.

आतां या माणसाची सामग्री पाहूं. चंची म्हणजे कापडाची कप्पेदार पिशवी. गुंडाळून दोरीनें बांधली कीं ती कमरेला निर्धास्त राहते. चिलीम कुंभाराकडची, वर रुंद आणि खालीं निमुळती. तंबाखू खालीं उतरूं नये म्हणून आंत एक लहानसा खडा घालावयाचा, आणि खालच्या तोंडास ओली छापी गुंडाळावयाची, म्हणजे धूर थंड होतो. विस्तवासाठीं लोखंडाची चकमक, गारेचा तुकडा व सांवरीचा कापूस. पाण्यांत कमरेइतकें उभें राहणाऱ्या माणसाची खरी पंचाईत तंबाखूची नव्हे, तर कापसाची! तो एकदां भिजला कीं चकमक निरुपयोगी. चिलीम फुटली तर मात्र अडत नसे; झाडाचें पान वळून त्याची चोंगी करावी आणि तींत तंबाखू भरावी. याच तंबाखूचें पाणी पायाला चिकटलेली जळू सोडविण्याच्याहि कामीं येई. थंडीच्या पहांटे अंगांत ऊब भरते अशी समजूत होती, ती वेगळीच.

परंतु या सामग्रीचा खरा अर्थ ती कोणाबरोबर वापरली जाई यांत आहे. ढिवराच्या हातचें पाणी ब्राह्मणाच्या घरींहि चालत असे. म्हणूनच पाणक्याचें काम त्याच्याकडे आलें. पण तोच ढिवर व तोच यजमान एका चिलमीवर कधीं बसत नसत. चिलीम ही जातभाईची. ज्याला जातींतून काढावयाचें, त्याचा हुक्कापाणी बंद करीत. आणि दंड भरून तो परत आला, कीं चिलीम पुढें करून त्याला पंक्तींत घेत. ओठ मातीला न लावतां मुठींतून धूर ओढण्याच्या युक्तीनें हा निर्बंध कांहींसा शिथिल होई. तरीहि नियम नियमच होता. एका हातानें पाणी घेणारा आणि दुसऱ्या हातानें चिलीम नाकारणारा हा व्यवहार आपल्या समाजानें शतकानुशतकें निमूटपणें चालविला, हें विसरतां येत नाहीं.

तंबाखूवरून पंथहि दुभंगले. छत्तीसगड हा त्या काळीं नागपूरकर भोसल्यांच्या राज्यांतला मुलूख. तेथें १८२० ते १८३० च्या दरम्यान घासीदासांनीं सतनामी पंथाचा उपदेश केला. अस्पृश्य म्हणून दूर लोटलेल्या समाजाला त्यांनीं मूर्तिपूजा, मद्य, मांस व तंबाखू सोडावयास सांगितलें. पुढें त्यांच्या अनुयायांतील कांहींना तंबाखू सोडवली नाहीं. चोंगी ओढणारे म्हणून ते 'चुंगिया' ठरले आणि पंथाची एक निराळी शाखा झाली. पानाच्या एवढ्याशा नळीवरून माणसांची नवी विभागणी व्हावी, यावरून या व्यसनाचें सामाजिक वजन लक्षांत येतें.

१८१७ मध्यें सीताबर्डीची लढाई झाली आणि १८२१ मध्यें कन्हान नदीच्या कांठीं कामठीची छावणी वसली. इंग्रज अंमलदारांबरोबर गळ व दांडीचा षोकहि या देशांत आला. एच. एस. थॉमस या मद्रासकडील मुलकी अधिकाऱ्यानें १८७३ मध्यें हिंदुस्थानांतील गळाच्या मासेमारीवर ग्रंथ लिहिला. महाशीर हा त्यांतला मानाचा मासा. या साहेबाच्या खिशांतहि पाइप व तंबाखूची पिशवी असे. पूर्वीं विलायतेंतला पाइपहि मातीचाच होता, आणि आपल्या चिलमीइतकाच ठिसूळ. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्सांतील सें-क्लोद गांवच्या कारागिरांनीं ब्रायर नांवाच्या झुडपाच्या मुळाचा पाइप केला. तो पडला तरी फुटत नाहीं, म्हणून प्रवासाला सोयीचा झाला. मात्र साहेबाचा पाइप एकट्याचा असतो. तो शेजाऱ्याला कोणी देत नाहीं. चिलीम पांच जणांत फिरते, आणि फिरण्यासाठींच ती असते.

चिलमीचा हा फेरा मोडला तो दोन वस्तूंनीं, आगपेटीनें व विडीनें. काडी ओढली कीं विस्तव तयार. मग चकमक आणि कापूस हवा कशाला? आणि तेंदूच्या पानांत वळलेली विडी म्हणजे फुटण्याची भीति नसलेली चिलीमच. आमच्या पूर्वेकडील रानांत तेंदू उदंड, आणि बंगाल-नागपूर रेल्वेनें गोंदियास बाजार जोडून दिला. विसाव्या शतकाच्या आरंभीं जबलपूर, गोंदिया, भंडारा या भागांत विडीचे कारखाने उभे राहिले. विडी खिशांत मावते, ओंजळींत पेटते आणि एकट्यानें ओढतां येते. तळ्याकांठच्या बैठकीस त्यामुळें ओहोटी लागली. जातीचा निर्बंध सैल झाला हा लाभ. सोबत विरळ झाली ही हानि. दोन्ही एकाच काडीनें पेटल्या.

ही विडी वळणारे हात कोणाचे होते? तलावाच्या गांवांतील गोरगरिबांचे, विशेषतः स्त्रियांचे. १९४३ मध्यें सरकारनें तंबाखूवर अबकारी कर बसविला. १९४८ मध्यें मध्यप्रांत व वऱ्हाडाच्या सरकारनें असा कायदा केला, कीं शेतीच्या हंगामांत ठराविक गांवीं विडी वळूं नये, म्हणजे शेतीला मजूर मिळतील. सागरचे चिंतामणराव नांवाचे विडी-कारखानदार व एक विडी कामगार यांनीं या कायद्याविरुद्ध दाद मागितली, आणि १९५० मध्यें सर्वोच्च न्यायालयानें तो रद्द ठरविला. न्यायालयाचें म्हणणें साधें होतें: ज्या वृद्धांना, अपंगांना व स्त्रियांना शेतांतलें काम झेपत नाहीं, त्यांच्या तोंडचा घास या बंदीनें काढून घेतला जातो. पुढच्याच वर्षीं मालगुजारी संपली. ज्या पाण्यांत जाळें टाकण्यासाठीं ढिवराला मालगुजाराची मर्जी राखावी लागे, तें पाणी सरकारजमा झालें आणि मासेमारीचे ठेके सहकारी संस्थांकडे येऊं लागले.

आज नागपूर, भंडारा, चंद्रपूर या भागांतील तळ्याकांठीं चिलीम क्वचितच दिसते. चंचीची जागा खर्र्याच्या पुडीनें घेतली आहे. सुपारी, तंबाखू व चुना पन्नींत घोटून केलेला हा खर्रा. महाराष्ट्रांत २०१२ मध्यें गुटख्यावर बंदी आली, पण याचा प्रसार आटोपला नाहीं. त्यानें गालाची आंतली कातडी घट्ट होत जाते, तोंड उघडेनासें होतें, आणि पुढें कर्करोगाची भीति असते. चिलमीनें छाती पोखरली, खर्रा तोंड बंद करतो. फुटकी चिलीम मातीस मिळे, विझलेली विडी कुजून जाई. पन्नी मात्र शिंगाड्याच्या वेलांत अडकून राहते.

श्रोतेहो, या वृत्तांतांत तंबाखूची थोरवी गाण्याचा हेतु नाहीं; जहांगीराची मनाई व घासीदासांचा उपदेश हे दोन्ही शहाणपणाचेच होते. पण दिवस उजाडेपर्यंत थंड पाण्याशेजारीं बसणाऱ्या माणसाला सोबत लागते, ही गोष्ट चार शतकांत बदललेली नाहीं. ती सोबत त्याला आपण चंचीवांचून देऊं शकलों, म्हणजे त्याच्या सहकारी संस्थेला हक्काचें पाणी, मालाला भाव आणि मुलांना शाळा देऊं शकलों, तर कमरेची चंची तो आपण होऊन सोडील. नुसत्या बंदीनें ती सुटत नाहीं, एवढें तरी इतिहास स्पष्ट सांगतो.